फाटक्या कानाचा बोका

केवलराम कापगतेने आयुष्यात दोनच गोष्टी रंगवल्या. ड्युटीवर लोखंड आणि घरी पाळीव जनावरं. दोन्हींवर त्याने कधी सही केली नाही. तरी भिलाईत सेक्टर सहाच्या कोणत्याही क्वार्टरमध्ये भिंतीवर मांजर टांगलेलं दिसलं, की पाहुणा चहाचा कप हातात घेण्याआधीच म्हणायचा, "कापगतेचा हात दिसते."

हा हात तयार झाला पोळ्याच्या बैलांवर. साकोलीकडच्या त्याच्या गावात बैलांची शिंगं रंगवायला लोक त्याला बोलावत. शिंग आधी काचेने खरवडायचं, मग राखेने घासायचं, कोरडं पुसायचं आणि मग हिंगूळ लावायचा. घाई करून नुसता हिंगूळ फासला तर बैल दुसऱ्या दिवशी बाभळीला शिंग घासून सगळा काढून टाकतो. बैल कोणाची भीड धरत नाही. आपल्या कामाचा पहिला चेकर बैलच, असं केवलराम सांगायचा.

बासष्ट साली तो भिलाईच्या पोलाद कारखान्यात आला. तीन वर्षं खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, म्हणून काढली आणि मग पेंट गँगमध्ये लागला. पेंट गँगचं काम लोकांना वाटतं तसं रंगाचं नसतं. बारा आणे काम खरवडण्याचं. सत्तर फुटांवर झुल्यात बसायचं, कमरेला पट्टा, हातात तारेचा ब्रश. गंज जाऊन लोखंड पांढरं दिसेपर्यंत घासायचं. मग लाल प्रायमर मारून वाळू द्यायचा. खड्डा असेल तिथं पुट्टी भरून घोटायची. मग रंगाचा पहिला हात, तो वाळला की दुसरा. जुनं लोखंड नवं दिसलं पाहिजे, एवढंच काम.

ते झालं की चेकर बाबुलाल पटले यायचा. गोंदियाकडचा, बुटका, उजव्या अंगठ्याचं नख मुद्दाम वाढवलेला. ते नख तो रंगात खुपसायचा. पापुद्रा निघाला तर काही न बोलता पुढे चालू लागायचा, म्हणजे काम पुन्हा करायचं. नाही निघाला तर खिशातून खडू काढून कोपऱ्यात बरोबरची खूण करायचा. शाबासकी त्याच्या तोंडून कोणी ऐकली नव्हती. केवलरामचं काम चौदा वर्षांत दोनदा परत गेलं. दोन्ही वेळा ते परत जाणार हे त्याला आधीच ठाऊक होतं.

क्रेनवरचे नंबर बाकीचे पेंटर स्टेन्सिलने मारत. पत्र्यात आकडे कापलेले, पत्रा लावायचा, वरून ब्रश फिरवायचा, झालं. केवलराम नंबर हाताने लिहायचा. कोणाला शंका आली तर म्हणायचा, "आता लाव तुया पत्रा वरून." पत्रा लावला की आकडा कापलेल्या जागेत बरोबर बसायचा. ही त्याची ऐट होती, आणि ती त्याने मेहनतीने कमावलेली होती.

जनावराचं पहिलं चित्र त्याने बहात्तर साली काढलं, आणि ते बिघडलं. घरची मांजर होती, मनी. पॉवर हाउस भागातल्या बाजारातून हार्डबोर्डचा तुकडा, रंगाच्या चार लहान डब्या आणि एक बारीक ब्रश आणला. कारखान्याचा थेंबभर रंग त्याने कधी घरी आणला नाही. चार रविवार खपून चित्र केलं आणि बायकोसमोर धरलं.

रंभा भाकरी थापत होती. तिने एकदा पाहिलं.

"हे कोनाचं मांजर होय जी?"

"कोनाचं म्हणजे? आपली मनी."

"आपल्या मनीच्या पाठीवर कढत पानी सांडलं होतं. तिथं केस नाईत. हिची पाठ तं दुकानातून आनल्यावानी हाय." तिने भाकरी तव्यावर टाकली. "तुमी मांजरालेबी पुट्टी भरली का?"

केवलराम हसला नाही. त्याने मनीला उचलून उजेडात नेलं आणि पाहिलं. रंभाचं खरं होतं. हात आपोआप चालला होता. दिसला खड्डा की भरला, दिसला डाग की झाकला. कारखान्यात दिवसच्या दिवस हेच करायचं आणि घरी येऊन तोच हात मांजरावर फिरवायचा, तर दुसरं काय होणार. त्याने तारेचा ब्रश घेऊन सगळं चित्र खरवडून काढलं आणि त्याच हार्डबोर्डवर मनी पुन्हा रंगवली. पाठीवरची दोन बोटं रुंद उघडी जागा आधी काढली आणि मग उरलेली मनी.

या वेळी रंभा म्हणाली, "हं. आता दूध मागन ते."

तेव्हापासून त्याचा नेम ठरला. कोणाच्याही जनावराजवळ तो नऊ वेळा बसायचा, कमी नाही. पहिले दोन दिवस हात रिकामे, फक्त त्याचं चालणं-बसणं पाहायचं. तिसऱ्या दिवशी अंगावरच्या खुणा मोजायच्या. चौथ्या दिवसापासून पेन्सिल आणि सातव्यापासून रंग. फोटोवरून चित्र काढायचा नाही. कोणी म्हणालं, कुत्र्याच्या अंगावरचा चट्टा नका दाखवू, तर म्हणायचा, "चट्टा नसलेला कुत्रा शोधून आना, त्याचं काढतो." लोक चिडायचे आणि महिन्याने परत यायचे. बंगाली बाबूंची मैना झाली, केरळच्या नर्सबाईंचा पामेरियन झाला, एका म्हाताऱ्याची लंगडी बकरी झाली. पण जास्त करून मांजरंच.

अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात त्याला रत्नमालाबाईंनी बोलावलं. बावीस नंबरच्या रस्त्यावर राहायच्या. नवरा कृष्णराव कारखान्याच्या ऑफिसात क्लार्क. घरात दोघंच आणि एक राखाडी पट्ट्यांचं मांजर. नाव राणी. केवलरामची दुपारची शिफ्ट असायची त्या आठवड्यांत तो सकाळी जाऊन बसायचा. राणी अंगणातल्या भिंतीवर ऊन खात पडलेली असायची, डोळे अर्धे मिटलेले, तोंड दुधाने तृप्त. तिसऱ्या दिवशी त्याने खुणा मोजल्या. डाव्या कानाला टोकाजवळ चीर, कपाळावर तीन पट्टे आणि मधला तुटलेला, मागच्या उजव्या पायात पांढरा मोजा.

"बाई, एक सांगू का? हा बोका आहे."

"माहीत आहे हो मला," रत्नमालाबाई म्हणाल्या. "पण आली तेव्हा राणी म्हटलं, आता ओ देते. नाव बदलून तिचा काय फायदा?"

केवलरामला हे पटलं. चित्र झालं, भिंतीवर लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात सिंधुताई आल्या. तेवीस नंबरच्या रस्त्यावरच्या, क्रेन ऑपरेटरच्या घरच्या. चार लेकरं, सासू, दारात सायकली, घरात कायम आरडाओरडा. "आमच्या भुऱ्याचा फोटो काढून द्या भाऊ. पन तो सांजच्यालेच घरी असते. दिवसा कुठं मरते, देव जाने."

सकाळची शिफ्ट असली की केवलराम संध्याकाळी जायचा. भुऱ्या उंबऱ्यावर बसलेला असायचा. कान मागे, बुबुळं मोठी, अंग आखडलेलं. लेकरू धावत आलं की उडी मारायची तयारी. भाकरीच्या तुकड्यासाठी सासूशी भांडायचा. दोन संध्याकाळी केवलरामने त्याचं बसणं-उठणं पाहिलं आणि मनात म्हणाला, काय तिखट बोका आहे. तिसऱ्या दिवशी खुणा मोजायला बसला. डाव्या कानाला टोकाजवळ चीर, कपाळावर तीन पट्टे, मधला तुटलेला. त्याने मागचा उजवा पाय पाहिला. पांढरा मोजा.

बावीस आणि तेवीस नंबरच्या क्वार्टरांची मागची बाजू एकाच गल्लीत उघडते. क्वार्टर सगळे सारखे, दारं सारखी, भिंतीसुद्धा एकाच उंचीच्या. बोक्याने दोन घरं धरली होती आणि दोन्ही घरांना आपण एकटेच आहोत असं वाटत होतं.

घरी आल्यावर केवलराम जेवला नाही. रंभाने विचारलं तेव्हा म्हणाला, "दोन दिवस ओळखलं नाही मी त्याले."

"मंग आता सांगून टाका दोघींले."

"मागं त्या तांबड्या कुत्र्याचं काय झालं? दोन घरचा निघाला, दोन्ही घरं भांडली, आन् तिसऱ्या दिवशी त्याच्या गळ्यात साखळी. मी चित्र काढतो. मी साखळी बांधत नाही."

भुऱ्याचं चित्रही त्याने पूर्ण केलं. एकही खूण सोडली नाही, आणि राणीचं चित्र एकदाही जाऊन पाहिलं नाही.

हे प्रकरण इथंच मिटलं असतं. पण एकोणऐंशीच्या सप्टेंबरात फोरमन बाबारावांनी त्याला बोलावलं. "कापगते, या विश्वकर्मा पूजेला आपल्या शेडमध्ये तुझे फोटो लावू. लोकांकडून मागून आण. बायका-लेकरं येतात, पाहू दे."

पूजेच्या दिवशी कारखाना घरच्या माणसांना उघडा असतो. मशीनला हार घालतात, अवजारांना हळदकुंकू लावतात, आणि त्या दिवशी अवजाराला हात लावायचा नसतो. सतरा वर्षांत कोणी केवलरामला शेडमध्ये काही लावायला सांगितलं नव्हतं. तो हो म्हणाला, आणि शेडच्या दारातून बाहेर पडताना त्याच्या लक्षात आलं. राणी आणि भुऱ्या एकाच छपराखाली येणार. एक चित्र आणलंच नाही, तर त्या घरची बाई आपलं मांजर पाहायला येणारच.

त्याने उपाय केला. राणीचं चित्र दाराजवळ लावलं, भुऱ्याचं पार कॉम्प्रेसरच्या बाजूला, मध्ये बावीस चित्रं. पण सकाळी फोरमन आले आणि कारखान्याच्या सवयीने त्यांनी सगळं रांगेत करून टाकलं. कुत्रे एका ओळीत, पाखरं एका ओळीत, मांजरं एका ओळीत. राखाडी पट्ट्यांची दोन मांजरं शेजारीशेजारी आली. केवलराम प्रसादाच्या बुंदीची परात घेऊन आला तोवर बाबुलाल पटले त्या दोघांसमोर उभा होता.

तो बराच वेळ उभा राहिला. अंगठा उचलला, मग पूजा आठवून खाली केला.

"कापगते," तो म्हणाला, आणि तो बोलला म्हणूनच दहा-वीस माणसं थांबली. "धड येगळं हाय. पन तोंड एकच. कान एकाच जागी फाटला, मधला पट्टा एकाच जागी तुटला. दोन घरचे दोन मांजरं ना हे?"

"दोन घरची आहेत."

"मंग तोंडाचं स्टेन्सिल केलं तू."

कोणीतरी हसलं. मागून आवाज आला, "अरे पत्रा लगा के मारा है, भाई! क्रेन नंबर एक, क्रेन नंबर दो!"

केवलरामने परात खाली ठेवली. गर्दीत डाव्या हाताला रत्नमालाबाई उभ्या होत्या. उजव्या हाताला सिंधुताई, कडेवर धाकटं. एकमेकींना ओळखत नव्हत्या. एक वाक्य बोललं की त्याचं नाव साफ होत होतं. दोन्ही एकच बोका आहे, बस. ते वाक्य त्याच्या दातांपर्यंत आलं.

"काढून दाखव," बाबुलाल म्हणाला. "आता, इथं, हातानं."

"आज ब्रश पूजेत आहेत."

"मंग कसं मानायचं?"

केवलराम पूजेच्या पाटापाशी गेला. ताटात पूजेच्या दोऱ्याचा लाल-पिवळा नाडा होता. हातभर तोडला आणि बाबुलालसमोर धरला. "नाडा काही अवजार नाही. घे माप. स्टेन्सिल असंल तं माप बसंल."

बाबुलालने नाडा घेतला. राणीच्या चित्रावर दोन कानांच्या टोकांमधलं अंतर धरलं, गाठ मारली. भुऱ्यावर लावला. गाठ मधेच राहिली, अंतर बोटभर जास्त निघालं.

"मोठं स्टेन्सिल कापलं," मागून कोणी म्हणालं.

"बरं," केवलराम म्हणाला. "मोठं कापलं तं डोळेबी दूर जातीन. ते मोज."

बाबुलालने डोळ्यांचं माप घेतलं. ते कमी निघालं. नाकापासून हनुवटीपर्यंतचं घेतलं, तेही कमी. भुऱ्याची मान खाली होती, कान मागे पडले होते. राणीची मान वर होती. बाबुलालने सात मापं घेतली, सात गाठी मारल्या. एकही बसली नाही. शेवटी त्याने नाडा मनगटाला गुंडाळला.

"स्टेन्सिल नाही," तो म्हणाला. "मानलं. मंग दुसरं सांग. खुना कुठून आल्या? तू म्हनते, मी जनावर पाहूनच काढतो, डाग झाकत नाही आन् डाग मनचा टाकत नाही. मंग ह्या दोनातल्या एकाले तू मनच्या खुना देल्या."

हे पहिल्यापेक्षा वाईट होतं. स्टेन्सिलचा आरोप हातावर होता. हा डोळ्यांवर होता. मनी खरवडून काढली त्या दिवसापासून केवलरामने जे कमावलं होतं ते सगळं या एका प्रश्नात आलं होतं. सगळे पाहत होते, आणि तो हार्डबोर्डच्या कडेकडे पाहत उभा राहिला.

"मनच्या कशा?" सिंधुताई पुढे आल्या. "आमच्या भुऱ्याचा कान खरंच फाटला हाय. सासूबाईले इचारा."

"आणि माझ्या राणीचाही," रत्नमालाबाई म्हणाल्या. "मी स्वतः हळद लावली होती. मधला पट्टासुद्धा तुटलेलाच आहे."

दोघी बोलून गेल्या आणि मग एकमेकींकडे पाहिलं. मग चित्रांकडे. मग पुन्हा एकमेकींकडे.

"बाई," सिंधुताईंनी हळूच विचारलं, "तुमची रानी सांजच्याले कुठं असते?"

"फिरायला जाते. दिवे लागले की दिसत नाही." रत्नमालाबाईंचा आवाज बारीक झाला होता. "तुमचा भुऱ्या सकाळी?"

"कुठं मरते, देव जाने, म्हनत होती मी."

"कोणत्या रस्त्यावर राहता तुम्ही?"

"तेवीस."

"मी बावीस. मागची गल्ली एकच."

मग सिंधुताईंना हसू फुटलं. "वा रे बोक्या! पहिल्या शिफ्टले रानी, दुसऱ्या शिफ्टले भुऱ्या! आमचा मानूस ओव्हरटाइम मागते तं भेटत नाही, आन् हा रोज डबल करून राहिला!"

सगळी शेड हसली. फोरमनसुद्धा हसले. रत्नमालाबाई हसल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत चित्राकडे पाहत राहिल्या. सिंधुताईंनी ते पाहिलं आणि हसणं आवरलं. कडेवरचं लेकरू दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, तो तुमच्याकडं दूध पिते म्हनून आमच्याकडं उंदरं मारते. दोन्ही घरचं राहू द्या त्याले. कायले तोडाचं?"

रत्नमालाबाईंनी होकाराची मान हलवली.

बाबुलाल केवलरामकडे वळला. "तुले ठावूक होतं?"

"तिसऱ्या संध्याकाळपासून."

"मंग बोलला कावून नाही? एवढं आयकून घेतलं."

"बोक्यानं सांगितलं नव्हतं कोनाले," केवलराम म्हणाला. "मी कायले सांगू?"

बाबुलालने राणीचं चित्र खिळ्यावरून उतरवलं, मग भुऱ्याचं. दोन्ही उलटी केली. हात सवयीने खडूसाठी खिशात गेला. पण खडू पाटावर होता, हळदकुंकू लागलेला. मग त्याने अंगठा ताटातल्या ओल्या कुंकवात बुडवला आणि दोन्ही हार्डबोर्डच्या पाठीवर, कोपऱ्यात, बरोबरची खूण केली. पुढे चालू लागला. दोन पावलं गेला आणि थांबला.

"काम चांगलं हाय," तो म्हणाला. पाठ वळवलेलीच होती.

पेंट गँगने हे वाक्य पुढे कितीतरी वर्षं एकमेकांना सांगितलं.

पंधरा दिवस गेले. मग एका संध्याकाळी रत्नमालाबाई मागच्या गल्लीतून सिंधुताईंच्या दारात गेल्या. राणी संध्याकाळी कशी दिसते ते पाहायचं होतं. उंबऱ्यावर बसून त्यांनी भुऱ्याला सासूशी भांडताना पाहिलं आणि म्हणाल्या, "अगदी असाच काढला आहे." तिथं चहा प्यायल्या. पुढे तो बोका गेला तेव्हा दोन्ही घरांनी मिळून त्याला गल्लीतल्या कडुनिंबाखाली पुरलं.

केवलराम एक्क्याण्णव साली रिटायर झाला. हात थरथरू लागेपर्यंत चित्रं काढत होता, आणि थरथरू लागले त्या दिवशी ब्रश धुऊन ठेवले. "वाकडी मिशी काढन्यापेक्षा नाही काढली बरी," म्हणाला. कोणी आग्रह केला तर ऐकला नाही.

त्याच सुमारास कृष्णरावांनी क्वार्टर सोडून दुर्गला पद्मनाभपुरात घर घेतलं. सामान बांधताना रत्नमालाबाईंनी राणीचं चित्र उतरवून केवलरामकडे आणलं. पाठीवरची कुंकवाची खूण फिकट, तपकिरी झाली होती. काच लावून फ्रेम करायची होती, तर ही खूण पुसायची की ठेवायची, असं त्यांनी विचारलं.

केवलरामने चित्र उलटं गुडघ्यावर घेतलं. अंगठ्याचं नख त्या खुणेत खुपसलं आणि ओढलं. मग नख उजेडात धरून पाहिलं. नखात काही आलं नव्हतं.

"ही निघायची नाही," तो म्हणाला. त्याने चित्र सुलटं करून त्यांच्या हातात दिलं आणि रंभाला चहा ठेवायला सांगितलं.